होआत्सिन : पानं खाणारा, गायीसारखं पोट असलेला पक्षी



परिसर अभ्यासात पक्ष्यांच्या चोची आणि त्यांचे अन्न हा भाग आपण सगळेच शिकवतो. चिमणी दाणे टिपते, पोपट फळे खातो, खंड्या मासे पकडतो, घार मांस खाते, सूर्यपक्षी फुलातला मध पितो. फळ्यावर तक्ता तयार होतो, मुले वहीत उतरवतात आणि पाठ संपतो. या तक्त्यात एक रकाना मात्र बहुतेक वेळा रिकामाच राहतो, तो म्हणजे पानांचा. झाडावर सगळ्यात जास्त काय असते? पाने. मग झाडावर राहणारे पक्षी पाने का खात नाहीत? हा प्रश्न एकदा वर्गात विचारून बघा. मुले आधी हसतात आणि मग खरोखर विचारात पडतात.

या एका प्रश्नातून पचन, अनुकूलन, सहजीवन आणि निसर्ग पाहताना कसे वागावे, एवढे सगळे शिकवता येते. त्यासाठी एका पक्ष्याची मदत घ्यायची. त्याचे नाव होआत्सिन. उच्चार मुलांना तोडून सांगा: हो-आत्-सिन.

हा पक्षी राहतो कुठे?

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर ॲमेझॉन आणि ओरिनोको या दोन नद्या शोधा. या नद्यांच्या खोऱ्यांत पाण्याने भरलेली जंगले, दलदली, संथ ओढे आणि तळी आहेत. तिथे पाण्यावर झुकलेल्या झाडाझुडपांत होआत्सिन थव्याने राहतो. ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, व्हेनेझुएला, बोलिव्हिया, गयाना या देशांत तो दिसतो. आपल्याकडे हा पक्षी नाही, हे मुलांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी "मॅडम, आमच्या शेतात बघितला" म्हणत येतंच! (तो बहुधा भारद्वाज असतो.)

गयाना देशाचा हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्या देशाच्या राजचिन्हावरही त्याचे चित्र आहे. तिथे त्याला 'कँजे फेझंट' म्हणतात. कँजे ही तिथल्या बर्बिस भागातली नदी. क्रिकेटवेड्या पालकांसाठी एक गंमत सांगते. सुनील गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव 'रोहन' ठेवले ते वेस्ट इंडीजचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरून, आणि कन्हाय याच बर्बिस भागातले. १८३८ पासून भारतातून मजूर जहाजाने गयानाला नेले गेले, म्हणूनच तिथे अशी आपल्या ओळखीची नावे भेटतात. पाचवीच्या मुलांना नकाशा दाखवताना ही गोष्ट सांगा, नकाशा लक्षात राहतो.

या पक्ष्याला नावेही किती! व्हेनेझुएलात चेंचेना, पेरूत शांशो, बोलिव्हियात सेरेरे, ब्राझीलमध्ये सिगाना. आपल्याकडे एकाच पक्ष्याला गावागावांत वेगळे नाव असते, तसेच हे.

दिसतो कसा?

आकार साधारण कोंबडीएवढा, पण अंगाने सडपातळ. लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर आणि वजन एक किलोच्या आतच. मान लांब, डोके लहान, शेपटी मोठी आणि रुंद. चेहऱ्यावर पिसे नाहीत, तिथे निळी कातडी. डोळे लालभडक. डोक्यावर तांबूस पिसांचा उभा तुरा, झोपेतून उठलेल्या मुलाचे केस उभे असावेत तसा. पाठ तपकिरी, पोट तांबूस. फोटो दाखवला की मुलांना हा पक्षी लगेच आवडतो.

आवाज मात्र गोड वगैरे नाही. घोगरे, फुसफुसल्यासारखे, घुरघुरल्यासारखे आवाज काढतो. आणि उडणे? या फांदीवरून त्या फांदीवर धडपडत जायचे, पानांत आदळायचे, पंख पसरून तोल सावरायचा. थोडेसे अंतर उडाला की बसला. का बरं? उत्तर त्याच्या पोटात आहे. पोटात म्हणण्यापेक्षा गळ्याखाली.

पाने खाणे अवघड का?

आधी मुलांना पान समजावून सांगूया. पानात पेशींच्या भिंती असतात आणि त्या सेल्युलोजच्या बनलेल्या असतात. सेल्युलोज आपल्यालाही पचत नाही. कोणत्याही पक्ष्याच्या किंवा गुराच्या शरीरात ते तोडणारा रस स्वतःहून तयार होत नाही. ते काम करतात जिवाणू. त्यांना जागा लागते, ऊब लागते आणि वेळ लागतो.

आता पक्ष्याची अडचण बघा. उडायचे तर अंग हलके हवे. पण पाने पचवायची तर मोठी पिशवी हवी, त्यात ओला पाला भरून तासन्‌तास ठेवायला हवा. म्हणजे अंग जड. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून फक्त पाल्यावर जगणारे पक्षी अगदी मोजके.

इथे एखादा हुशार मुलगा विचारेल, "मग हंस गवत खातो ना?" बरोबर आहे. हिवाळ्यात उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वरला येणारे पट्टकादंब हंस गवत, कोवळी रोपे खातात. पण ते गवतातला पटकन निघणारा रस घेतात आणि बाकीचे लवकरच बाहेर टाकून देतात. म्हणून त्यांना सारखे खात राहावे लागते. शहामृगही झाडपाला खातो आणि त्याच्या आतड्यात जिवाणू असतात, पण तो उडतच नाही, त्यामुळे वजनाची चिंता नाही. होआत्सिनने तिसरीच वाट धरली आहे.

गळ्याखालची भट्टी

कोंबडी पाळणाऱ्या घरातल्या मुलांना माहीत असते की दाणे खाल्ले की कोंबडीच्या गळ्याखाली एक पिशवी फुगते. तिला अन्नपुट म्हणतात. बहुतेक पक्ष्यांत ही पिशवी अन्न साठवण्यापुरती असते. होआत्सिनमध्ये तीच पिशवी खूप मोठी, जाड स्नायूंची आणि आत कप्पे असलेली झाली आहे. तिच्या आतल्या बाजूला खरखरीत उंचवटे असतात, त्यांनी पाला रगडला जातो. आणि तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात, ते हा पाला आंबवतात.

हे शास्त्रीयदृष्ट्या दाखवून दिले ते व्हेनेझुएलातल्या अभ्यासाने. आलेहांद्रो ग्राहाल, स्टुअर्ट स्ट्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गायीसारखे अन्ननलिकेच्या पुढच्या भागातच अन्न आंबवून पचवणारा पक्षी जगाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. या पक्ष्याच्या आहारात सुमारे ८० टक्के पाने असतात आणि उरलेला भाग फुले व फळे. पानेही तो कोवळी निवडून खातो. खाल्लेला पाला एका दिवसाहून जास्त वेळ शरीरात राहू शकतो. पानांत झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेली काही विषारी द्रव्येही असतात. जिवाणू त्यातली काही निकामी करतात.

एवढी मोठी पिशवी छातीत बसवायला जागा कुठून आणायची? पक्ष्याच्या छातीचे हाड आणि त्यावरचे उडण्याचे स्नायू यांची जागा कमी झाली. म्हणून उडणे कमजोर झाले. पोट भरले की छाती पुढे जड होते. मग हा पक्षी फांदीवर चक्क छाती टेकून बसतो. टेकण्याच्या जागी त्याला जाड, रबरासारखा घट्टा असतो. पहाटे आणि संध्याकाळी खायचे आणि दिवसाचा बराचसा वेळ निवांत बसून पचवायचे, असा त्याचा दिनक्रम.

आणि हो, वास! आंबलेल्या पाल्याचा वास त्याच्या अंगाला येतो, शेणासारखा. म्हणून त्याला 'घाणेरड्या वासाचा पक्षी' असेही म्हणतात. या वासामुळे लोक त्याचे मांस फारसे खात नाहीत आणि शिकारीपासून तो बराच वाचला आहे. वर्गात हा भाग आला की नाक मुरडून सगळे हसतात. हसू द्या. हसत शिकलेले विसरत नाहीत.

एक चूक मात्र टाळा. "हा पक्षी गायीसारखा रवंथ करतो" असे सांगू नका. गाय अन्न पुन्हा तोंडात आणून दातांनी चावते. होआत्सिनला दातच नाहीत, तो रवंथ करत नाही. सारखेपणा आहे तो आंबवण्याच्या पद्धतीत.

गाय, वानर आणि होआत्सिन

आता या पाठातली माझी सर्वात आवडती गोष्ट. आपल्या अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते जिवाणूंची भिंत फोडते आणि आपले रक्षण करते. गायीच्या पोटात हेच द्रव्य वेगळ्या कामाला लागले आहे. आंबवण्याचे काम करणारे जिवाणू अन्नासोबत पुढच्या कप्प्यात जातात. तिथे लायसोझाइम त्यांना फोडते आणि त्यांच्या शरीरातले पोषण गायीला मिळते.

आपल्या देवळांवर, डोंगरांवर, आंब्याच्या झाडांवर दिसणारे काळ्या तोंडाचे वानर, तेही पाने खातात आणि त्यांच्याही पोटात पाला आंबतो. त्यांचेही लायसोझाइम असेच बदललेले आहे. आणि १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की होआत्सिनच्या लायसोझाइममध्येही तसेच बदल झालेले आहेत. गाय, वानर आणि पक्षी यांचे जवळचे नाते नाही. तरी अडचण एकच होती, म्हणून तिघांच्या शरीराने वेगवेगळ्या काळात जवळजवळ एकच उपाय शोधला. अनुकूलन समजावायला यापेक्षा सुंदर उदाहरण मला तरी मिळालेले नाही. आणि तिघांपैकी दोन उदाहरणे आपल्या गावातच हिंडत असतात!

पिलांच्या पंखांना नख्या

होआत्सिन पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर काटक्यांचे घरटे बांधतो. बहुतेक वेळा दोन ते तीन अंडी असतात. महिनाभर उबवल्यावर पिले बाहेर येतात. प्रत्येक पंखाला दोन-दोन नख्या असतात.

शिकारी पक्षी घरट्यावर आला की मोठे पक्षी आरडाओरडा करून त्याचे लक्ष वेधतात. पिले नख्यांनी फांद्यांना धरत दाट पानांत सरकतात. धोका अगदीच जवळ आला की सरळ खाली पाण्यात उडी! ती पोहतात, पाण्याखाली लपतात आणि सगळे शांत झाल्यावर काठाला येऊन चोच, पाय आणि पंखांच्या नख्या वापरून पुन्हा झाडावर चढतात. मोठे होताना या नख्या जातात.

मुलांना हे हातावर दाखवा. पक्ष्याचा पंख म्हणजे बदललेला हात. आपला अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट पुढे करा, बाकीची मिटा. त्या दोन बोटांना नखे आहेत असे समजा आणि आता फांदी धरून दाखवा. सगळा वर्ग लगेच होआत्सिन होतो.

पिलांना आई-बाप आंबवलेल्या पाल्याचा लगदा भरवतात. त्यातून अन्न तर मिळतेच, पण पाला पचवणारे जिवाणूही मिळतात. शिवाय आधीच्या वर्षीची मोठी झालेली पिले घरीच थांबून लहान भावंडांची काळजी घेतात, हद्द राखतात. असे मदतनीस असलेल्या जोड्यांची पिले जास्त जगतात, असे दिसून आले आहे. आपल्याकडे सातभाई हेच करतात. घराजवळ कचकच करणारा सातभाईंचा घोळका मुलांना दाखवा आणि सांगा की हे एकत्र कुटुंब आहे.

"डायनासोर पक्षी" हा मेसेज आला तर

मोबाईलवर या पक्ष्याचे व्हिडिओ फिरतात: 'जिवंत डायनासोर', 'अर्धा पक्षी, अर्धा सरडा'. पालकांच्या ग्रुपवरही येतात. तेव्हा थोडे थांबून मुलांशी बोलूया.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्सच्या पंखांना तीन-तीन नख्या होत्या, हे खरे. पण होआत्सिन म्हणजे त्याचाच उरलेला वंशज, असे त्यावरून ठरत नाही. शहामृगाच्या पंखालाही नख्या असतात. पाणकोंबडीच्या जातकुळीतल्या काही पक्ष्यांच्या पिलांनाही असतात. आणि सगळेच पक्षी डायनासोरच्या एका शाखेतून आले आहेत. होआत्सिन जितका डायनासोरचा वारस, तितकीच तुमच्या अंगणातली कोंबडी.

खरे कोडे वेगळेच आहे. या पक्ष्याचे जवळचे नातलग कोण? १७७६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले गेले. तेव्हापासून कोणी त्याला कोंबडीच्या गटात टाकले, कोणी कोकिळेच्या. आता डीएनए तपासूनही शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. म्हणून त्याला स्वतःचे वेगळे कुळ आणि वेगळा गणच दिला आहे, त्यात आज हा एकटाच. जीवाश्मांनी गंमत आणखी वाढवली. याच्या जुन्या नातलगांचे अवशेष ब्राझीलमध्ये सापडले, आफ्रिकेत नामिबियात सापडले आणि फ्रान्समध्येही सापडले. फ्रान्समधले तर सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे आज एका खंडापुरता उरलेला पक्षी कधीकाळी फार दूरवर पसरलेला होता.

"शास्त्रज्ञांनाही अजून नक्की माहीत नाही" हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणा. पुस्तकात सगळी उत्तरे छापून झाली आहेत असे मुलांना वाटते. काही प्रश्न त्यांच्यासाठी शिल्लक आहेत, हे त्यांना कळू द्या.

शांत बसला म्हणजे घाबरला नाही, असे नाही

हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. होआत्सिन आज धोक्यात आलेल्या पक्ष्यांत मोडत नाही, पण जंगल कमी झाले की त्याचीही जागा जाते. त्याशिवाय एक वेगळी गोष्ट इक्वेडोरमधल्या कुयाबेनो या राखीव जंगलात दिसली. तिथे पर्यटक होडीतून होआत्सिन बघायला येतात. मोठ्या पक्ष्यांना होड्यांची सवय झाली होती, ते जागचे फारसे हलत नव्हते. पाहणाऱ्याला वाटणार, पक्ष्याला काही त्रास नाही.

पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळेच दाखवले. जिथे पर्यटक जात, तिथल्या घरट्यांतली पिले कमी जगत होती. त्या पिलांच्या शरीरात ताण आल्यावर तयार होणारे संप्रेरकही, पर्यटक न जाणाऱ्या भागातल्या पिलांपेक्षा जास्त वाढत होते. मोठे शांत दिसत होते आणि लहानांवर परिणाम होत होता. बघायला येणारे सगळे निसर्गप्रेमीच होते, कोणी दगड मारायला आले नव्हते.

आता आपल्याकडे बघा. सहलीला गेलो की घरट्याजवळ मुलांची रांग लावतो. "ये, ये, पिल्लू बघ" म्हणून फांदी वाकवतो. मोबाईल घरट्यात घालून फोटो काढतो. शाळेच्या व्हरांड्यात बुलबुलाने घरटे केले की दर सुट्टीत पन्नास मुले खाली उभी. हेतू वाईट नसतो, पण पिलाला हेतू कळत नाही. म्हणून वर्गात मुलांकडूनच तीन नियम ठरवून घ्या: लांबूनच बघायचे, थोडाच वेळ बघायचे, आणि घरट्याला व पिलाला हात लावायचा नाही. मुलांनी ठरवलेला नियम मुले पाळतात, आणि मोठ्यांनाही पाळायला लावतात!

वर्गात आणि घरी करण्यासारखे

१. गाय किंवा म्हैस रवंथ करताना पाच मिनिटे बघा. एक घास किती वेळा चावते ते मोजा. घरी गुरे नसतील तर शेजारी जा.

२. रात्री इडलीचे किंवा आंबोळीचे पीठ भिजवून ठेवताना मुलांना दाखवा. सकाळी काय बदल झाला? वास, फुगवटा, बुडबुडे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी हे केले, होआत्सिनच्या पिशवीत असेच काहीसे चालते, असे सांगा.

३. पक्ष्यांच्या अन्नाच्या तक्त्यात 'पाने' हा रकाना वाढवा. तो भरायला इतके कमी पक्षी का मिळतात, यावर गटात चर्चा घ्या.

४. खरे की खोटे: होआत्सिन रवंथ करतो. मोठ्या होआत्सिनला पिलासारख्याच नख्या असतात. होआत्सिनचे पाला पचवण्याचे काम जिवाणू करतात. (उत्तरे: खोटे, खोटे, खरे.) फक्त उत्तर नको, कारणही विचारा.

५. मोठ्या मुलांसाठी प्रश्न: होआत्सिनला चांगले उडता येत नाही, ही त्याची उणीव आहे का? हा प्रश्न घाईने संपवू नका. कोणी म्हणेल, "त्याला उडून लांब जायची गरजच नाही, जेवण तर बसल्या जागीच आहे." कोणी म्हणेल, "पण ससाणा आला तर?" दोन्ही बरोबर. प्रत्येक जीव काही मिळवण्यासाठी काही सोडून देतो, एवढे त्यांच्या बोलण्यातून आले की पुरे.

काही पालक विचारतात, "हे परीक्षेला येणार आहे का?" होआत्सिन परीक्षेला नाही येणार. पण पचन येणार आहे, अनुकूलन येणार आहे, अन्नाचे प्रकार येणार आहेत, आणि कारण शोधायची सवय तर प्रत्येक परीक्षेत लागणार आहे. शिवाय वर्गात एखादे मूल धावण्यात मागे असते, एखादे वाचनात अडखळते. त्याला लगेच 'कच्चा' म्हणून मोकळे होण्याआधी, त्याची ताकद कशात आहे हे बघण्याची सवय आपल्यालाही हवीच की.

हा पाठ तुमच्या वर्गात घेऊन बघा. मुलांनी विचारलेले भन्नाट प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुढच्या पाठाची सुरुवात त्यांतूनच होईल.